अरिवु : नाव वगळले तरी न थांबलेला आंबेडकरी रॅपर

'अरिवु' हा तमिळ शब्द आहे. त्याचा अर्थ ज्ञान, समज. आपल्या ओळखीच्या शब्दात सांगायचे तर प्रज्ञेच्या जवळचा. तमिळनाडूतील अरक्कोणम या रेल्वे जंक्शनच्या गावातून आलेले अरिवरसु कलैनेसन याच नावाने ओळखले जातात. रॅपर, गीतकार, गायक आणि उघडपणे 'जयभीम' म्हणणारा कलावंत अशी त्यांची ओळख आहे. महाराष्ट्रातील आपल्या अनेक तरुणांनी त्यांचे 'एन्जॉय एन्जामी' हे गाणे ऐकले आहे. लग्नाच्या वरातीत, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात, रीलवर ते वाजले. पण ते कोणी लिहिले, कोणाच्या आजीच्या आयुष्यातून आले आणि त्यावरून पुढे काय घडले, हे ठाऊक असणारे कमी आहेत. म्हणून अरिवु यांच्या वाटचालीची, त्यांना सोसाव्या लागलेल्या उपेक्षेची आणि त्यानंतरच्या नव्या संगीताची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

पाठीमागची परंपरा : अयोथीदास ते आंबेडकर

अरिवु प्रथम मोठ्या प्रमाणावर लोकांसमोर आले ते 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या वाद्यवृंदातून. या नावाचा इतिहास बौद्ध समाजाने आवर्जून समजून घ्यावा असा आहे. पंडित अयोथीदास (1845–1914) हे तमिळ भूमीतील आधुनिक बौद्ध चळवळीचे अग्रणी. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाने स्वतःला 'जातिविरहित तमिळ' म्हणवून घ्यावे, ही भूमिका त्यांनी एकोणिसाव्या शतकात मांडली. आपण मूळचे बौद्ध आहोत, असे त्यांचे प्रतिपादन होते. 1898 मध्ये त्यांनी श्रीलंकेत जाऊन बौद्ध धम्म स्वीकारला आणि मद्रासमध्ये शाक्य बौद्ध संघाची स्थापना केली. 1907 पासून त्यांनी 'ओरु पैसा तमिळन' हे एक पैसा किमतीचे साप्ताहिक चालवले. त्याच मद्रासच्या बौद्ध वर्तुळातील प्रा. पी. लक्ष्मी नरसू यांच्या 'द इसेन्स ऑफ बुद्धिझम' या 1907 च्या ग्रंथाची तिसरी आवृत्ती बाबासाहेबांनी 1948 मध्ये स्वतःच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली. म्हणजे 1956 च्या नागपूरच्या दीक्षाभूमीकडे येणाऱ्या वाटांपैकी एक वाट मद्रासहूनही येते.

अयोथीदासांच्या याच 'जातिविरहित' शब्दावरून चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम सांस्कृतिक केंद्राने आणि संगीतकार तेनमा यांनी 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हे नाव घेतले. 6 जानेवारी 2018 रोजी चेन्नईत या एकोणीस जणांच्या वृंदाचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. त्यात गाना गायक होते, परई वाजवणारे होते, गिटार आणि ड्रमवाले होते आणि रॅपर होते. इसैवाणी या त्यातील एकमेव महिला गायिका. पुढे 2020 मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचे नाव आले.

गाना म्हणजे उत्तर चेन्नईच्या कष्टकरी वस्त्यांतील गाणे. अंत्ययात्रेत, मयताच्या घरी रात्र जागवताना ते गायले जाई. परई हे चामड्याचे वाद्य. आपल्याकडच्या हलगीसारखेच तेही मयताला आणि गावकीच्या कामाला वाजवावे लागे, आणि वाजवणाऱ्याला त्यावरूनच हिणवले जाई. परय्यर या जातिनामाचा संबंध याच वाद्याशी जोडला जातो. कास्टलेस कलेक्टिव्हने ही दोन्ही 'हलकी' मानलेली कला मुख्य मंचावर आणली आणि आरक्षण, गोमांस, हाताने मैला साफ करण्याची सक्ती, जातीय हत्या हे विषय थेट गाण्यात घेतले. आपल्याकडे जलशांनी आणि शाहिरांनी जे केले, त्याचेच हे चेन्नईतील रूप आहे.

धारावीशी नाते

अरिवु यांच्या चित्रपटगीतांची सुरुवात 2018 च्या 'काला' या चित्रपटाने झाली. पा. रंजित दिग्दर्शित आणि रजनीकांत यांची मुख्य भूमिका असलेला हा चित्रपट आपल्या मुंबईतील धारावीत घडतो. जमीन कोणाची, वस्ती कोणाची, हा त्याचा प्रश्न. त्यात हक्क परत मिळवण्याची हाक देणारे 'उरिमैयै मीटपोम' हे गीत अरिवु यांचे आहे. याच चित्रपटाच्या संगीतात धारावीतील 'डोपअडेलिक्स' या रॅप गटाचाही सहभाग होता. धारावीत कित्येक पिढ्यांपासून तमिळ दलित कामगार आणि मराठी बौद्ध शेजारी राहत आले आहेत. त्यामुळे चेन्नईचा रॅप आणि मुंबईचा रॅप यांची भेट या चित्रपटात व्हावी, यात नवल नाही.

2019 मध्ये अरिवु यांनी निर्माता ऑफ्रो यांच्यासोबत 'तेरुकुरल' हा अल्बम काढला. 'तेरु' म्हणजे रस्ता, 'कुरल' म्हणजे आवाज. तमिळ भाषेतील प्राचीन नीतिग्रंथ 'तिरुक्कुरल' याच्या नावावरची ही कोटी आहे. ग्रंथाच्या शेजारी रस्त्याचा आवाज ठेवण्याचे धाडस नावातच होते. या अल्बममधील 'अँटी-इंडियन' हे गाणे कोणालाही देशद्रोही ठरवण्याच्या सवयीला उत्तर देते. त्याच वर्षाच्या अखेरीस नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्ध देशभर आंदोलने सुरू असताना त्यांचे 'संड सेयवोम', म्हणजे 'लढूया', हे गाणे पसरले. 2021 च्या आरंभी आलेल्या 'मास्टर' या चित्रपटातील 'वाती रेड' या गाण्याने व्यावसायिक चित्रपटसृष्टीतही त्यांचे नाव झाले.

'एन्जॉय एन्जामी' : आजीची गोष्ट

7 मार्च 2021 रोजी 'एन्जॉय एन्जामी' प्रसिद्ध झाले. गायन धी आणि अरिवु यांचे, निर्मिती संतोष नारायणन यांची, प्रकाशन 'माज्जा' या मंचाचे. काही महिन्यांत ते यूट्यूबवर कोट्यवधी लोकांनी पाहिले.

गाण्याच्या मुळाशी अरिवु यांची आजी वल्लिअम्माळ यांचे आयुष्य आहे. त्या चित्रफितीतही दिसतात. ही गोष्ट एका कुटुंबापुरती नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तमिळ भागातील भूमिहीन मजुरांना, ज्यांत दलितांची संख्या मोठी होती, सिलोनच्या कॉफीच्या आणि नंतर चहाच्या मळ्यांवर नेले. जंगल तोडून मळे उभे करणारे हे हात पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राबले. 1948 मध्ये सिलोन स्वतंत्र झाल्यावर त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने यातील बहुसंख्य लोक कोणत्याच देशाचे नागरिक उरले नाहीत. 30 ऑक्टोबर 1964 रोजी लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. त्यानुसार सुमारे 5,25,000 लोकांना भारताने घ्यायचे आणि 3,00,000 लोकांना सिलोनने नागरिकत्व द्यायचे ठरले. उरलेल्या 1,50,000 लोकांचा निर्णय पुढे ढकलला गेला. या वाटणीत त्या माणसांना कोणी विचारले नाही. परत आलेल्यांना इथे ना जमीन होती ना घर.

ज्यांनी जमीन फुलवली त्यांच्याच वाट्याला जमीन आली नाही, हे दुःख या नाचऱ्या गाण्यात आहे. त्याचा बाज 'ओप्पारी'चा आहे. ओप्पारी म्हणजे मृताच्या उशाशी बसून बायका गातात ते विलापगीत. 'एन सामी' म्हणजे 'माझ्या स्वामी'. मजुराने मालकाला उद्देशून म्हणायचा हा शब्द मायेच्या हाकेतही येतो. गाणे त्या हाकेला नातवंडांकडे, झाडापेराकडे, पशुपक्ष्यांकडे वळवते. आपल्याकडे जात्यावर बसून बाबासाहेबांच्या ओव्या रचणाऱ्या आयाबायांची आठवण यावी, असेच हे आहे. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचे शब्दभांडार नातवाच्या रॅपपर्यंत पोहोचले.

नाव वगळण्याचे दोन प्रसंग

गाणे जगभर गेले आणि त्यानंतर अरिवु यांच्या वाट्याला जे आले ते अनेक दलित कलावंतांच्या ओळखीचे आहे.

पहिला प्रसंग 2021 चा. फ्रेंच डीजे स्नेक यांनी केलेल्या या गाण्याच्या रिमिक्सची जाहिरात न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये झळकली, तिच्यात अरिवु यांचे नाव नव्हते. त्यानंतर ऑगस्ट 2021 मध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया' मासिकाच्या मुखपृष्ठावर धी आणि शान व्हिन्सेंट डी पॉल हे दोन गायक आले. 'एन्जॉय एन्जामी' आणि 'नीये ओळी' या दोन गाण्यांचा उल्लेख त्या संदर्भात होता. या दोन्ही गाण्यांचे गीतकार अरिवु, आणि मुखपृष्ठावर तेच नाहीत. पा. रंजित यांनी हे जाहीरपणे दाखवून दिले, समाजमाध्यमांवर टीका झाली आणि मासिकाने नंतर अरिवु यांचे डिजिटल मुखपृष्ठ काढले.

दुसरा प्रसंग 28 जुलै 2022 चा. चेन्नईत 44 व्या बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्‌घाटनात 'एन्जॉय एन्जामी' सादर झाले. धी आणि किडाकुळी मारियम्माळ यांनी ते गायले. अरिवु मंचावर नव्हते. काही दिवसांनी त्यांनी इन्स्टाग्रामवर निवेदन दिले. हे गाणे आपण रचले, लिहिले, गायले आणि सादर केले; त्यासाठी सुमारे सहा महिने झोप न घेता, ताणात काढले; कोणी आपल्याला चाल किंवा शब्द दिला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. निवेदनाच्या शेवटी त्यांनी 'जयभीम' लिहिले.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. संतोष नारायणन यांनी उत्तरात सांगितले की गाण्याची चाल, संयोजन आणि ध्वनिमुद्रण आपले आहे, शब्द अरिवु यांचे आहेत, आणि मालकी व उत्पन्न तिघांत समान आहे. आपण प्रत्येक टप्प्यावर अरिवु यांच्या योगदानाचा उल्लेख केला, असे धी यांनीही म्हटले. पुढे मार्च 2024 मध्ये खुद्द संतोष नारायणन यांनी जाहीर केले की या गाण्यातून कलावंतांच्या हाती तीन वर्षांत काहीच उत्पन्न आलेले नाही. म्हणजे नावाचा वाद चालू असताना पैशाचा प्रश्न तिघांसमोर सारखाच उभा होता.

या वादात चाल कोणाची, हे ठरवणारे न्यायाधीश आम्ही नाही. पण एक गोष्ट समाजशास्त्राच्या अंगाने मांडावीशी वाटते. चित्रपट-संगीताच्या धंद्यात 'गीतकार' वेगळा आणि 'संगीतकार' वेगळा. ओप्पारी, ओवी, गाना, जलसा यांत तसे नसते. तिथे शब्द आणि चाल एकाच तोंडातून, एकाच श्वासात येतात. अशी कला जेव्हा स्टुडिओत जाते, तेव्हा कागदावरचे रकाने तिला दोन भागांत तोडतात. शब्दाचा रकाना वस्तीतल्या माणसाला मिळतो आणि बाकीचे रकाने ज्याच्याकडे स्टुडिओ आहे त्याला मिळतात. यात कोणा एका व्यक्तीचा वाईट हेतू असलाच पाहिजे असे नाही. व्यवस्थाच तशी आखलेली असते. जात अशीच काम करते. ती शिवी देतेच असे नाही. अनेकदा ती फक्त यादीतून नाव गाळते.

नवे संगीत

अशा अनुभवानंतर कलावंतापुढे दोन सोप्या वाटा असतात. कटुतेत गप्प बसणे, किंवा तडजोड करून 'राजकारण' सोडणे. अरिवु यांनी दोन्ही टाळल्या. त्यांनी 'अरिवु अँड द अंबासा' या नावाने स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि मंचावरचे कार्यक्रम स्वतःच्या नावाने सुरू ठेवले. 2023 मध्ये कोक स्टुडिओ तमिळच्या पहिल्या पर्वात खतिजा रहमान यांच्यासोबत त्यांचे 'सगवासी' हे गाणे आले. चित्रपटांसाठी लिहिणे आणि गाणेही थांबले नाही.

2024 मध्ये त्यांचा 'वल्लियम्मा पेरांडी' हा अल्बम आला. नावाचा अर्थ 'वल्लिअम्माचा नातू'. आम्हाला या नावात त्यांचे खरे उत्तर दिसते. ज्या गाण्यावरून हक्काचा वाद झाला त्याचे मूळ आजीत होते. अरिवु यांनी पुढच्या कामाच्या शीर्षकातच आजीचे नाव घातले. आता मुखपृष्ठ कोणतेही असो, वल्लियम्माचे नाव उच्चारल्याशिवाय त्या अल्बमचा उल्लेख करता येत नाही. कुळाचे, गोत्राचे नाव अभिमानाने मिरवणाऱ्या समाजात एका मळेमजूर बाईचा नातू म्हणून स्वतःची ओळख सांगणे ही साधी गोष्ट नाही.

नाममुद्रा : आपली जुनी तजवीज

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. महाकवी वामनदादा कर्डक (1922–2004) यांची गाणी गावोगावच्या गायकांनी गायली, कॅसेटवर आली, जयंतीच्या मंचावर आजही वाजतात. अनेकदा गायकाचे नाव जाहीर होते, कवीचे राहून जाते. तरीही वामनदादा पूर्ण पुसले गेले नाहीत, कारण त्यांच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा असते. ती काढली तर कडवेच मोडते. संतांच्या अभंगापासून शाहिरांच्या कवनापर्यंत चालत आलेली ही युक्ती म्हणजे छापखाना आणि कायदा हाताशी नसलेल्या माणसाचा मालकी हक्कच होता. रॅपमध्येही रॅपर ओळीत स्वतःचे नाव घेतो. दोन्हींची गरज एकच आहे.

आपल्या तरुण कलावंतांसाठी

आज अमरावती, नागपूर, औरंगाबाद, मुंबई, पुणे येथील वस्त्यांतून आपली मुले-मुली रॅप आणि भीमगीते करत आहेत. मोबाइलवर ध्वनिमुद्रण होते, एका रात्रीत गाणे पसरते, आणि कागद कोणाकडेच नसतो. अरिवु यांच्या अनुभवातून घ्यायचा धडा भावनेपुरता राहू नये, म्हणून कॉपीराइट कायदा, 1957 मधील काही मूलभूत बाबी येथे देत आहोत.

* गाण्यात तीन वेगळे हक्क असतात. शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी स्वतंत्र कृती. प्रत्येकाचा मालक वेगळा असू शकतो.
* कृती तयार होताच हक्क निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाल्यास ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. शब्द आणि चाल यांवरील हक्क कलावंताच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो.
* हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. म्हणून 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगासाठी' हे शब्द दिसले की सही करण्याआधी थांबावे.
* कलम 57 नुसार हक्क विकल्यानंतरही 'ही कृती माझी आहे' असे म्हणण्याचा लेखकाचा अधिकार शिल्लक राहतो. गायक-वादकांना असा नावाचा अधिकार कलम 38-ब देते.
* 2012 च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्द-चालीच्या रॉयल्टीतील वाटा गीतकार आणि संगीतकार सोडून देऊ शकत नाहीत. तो फक्त वारसाला किंवा वसुलीसाठी कॉपीराइट संस्थेला देता येतो. गीतकार आणि संगीतकारांसाठी हे काम इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते.

कायद्याच्या आधीही काही गोष्टी आपल्या हातात आहेत. स्टुडिओत जाण्यापूर्वी कच्चे शब्द आणि गुणगुणलेली चाल तारखेसह जपून ठेवावी. कोणी काय केले याचा एक कागद पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या सह्यांनी करावा. मैत्री असली तरी करावा, किंबहुना मैत्री टिकावी म्हणून करावा. आजीकडून, आत्याकडून, गावच्या गायनपार्टीकडून ओळ किंवा चाल घेतली असेल तर तिचे नाव आपणही लिहावे. आपण वरच्यांकडे जो न्याय मागतो तो आपल्या घरातल्या बायांना आधी द्यायला हवा. आणि जयंती मंडळांना आमची विनंती आहे की मंचावरून गाणे वाजवताना गायकासोबत गीतकाराचेही नाव पुकारावे. त्याला खर्च येत नाही.

बाबासाहेबांच्या चळवळीत गाणे हा करमणुकीचा भाग कधीच नव्हता. वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत विचार नेणारे ते वाहन होते, आणि ते हाकणारे बहुतेक लोक अनाम राहिले. अरिवु यांच्या वाटचालीत आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे की त्यांनी अनाम राहणे नाकारले, आणि तसे करताना गाणे सोडले नाही. तक्रार केली ती स्वतःच्या नावाने केली. पुढचे काम उभे केले ते आजीच्या नावाने केले. येत्या 14 एप्रिलला आपल्या वस्तीत जी मुले माइक हातात घेतील, त्यांना वामनदादांसोबत अरिवु यांचीही ओळख करून द्यावी, आणि गाणे संपल्यावर त्यांना विचारावे : हे शब्द कोणाचे?